स्लजचं वय कसं सांभाळायचं: एसटीपीतून रोज नेमका किती स्लज काढायचा?

अनेक सोसायट्यांच्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये, स्लज (जिवाणूंचा गाळ) काढायची वेळ एकदाच येते: क्लॅरिफायरमधून, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून, गाळ बाहेर पडायला लागला की. मग धावपळ करून टँकर बोलवायचा, अर्धी टाकी उपसायची आणि पुढे महिनाभर वेस्टिंगच्या, म्हणजे स्लज बाहेर काढण्याच्या, व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. टँकर गेल्यावर आठवडाभर पाणी गढूळ येतं, मग काही दिवस बरं, मग पुन्हा तपकिरी फेस आणि वर तरंगणारा गाळ. दोष मात्र ब्लोअरवर (हवा देणारं यंत्र), कल्चरवर (बाहेरून टाकलेले जिवाणू) किंवा ऑपरेटरवर जातो.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. जिवाणू टाकीत सरासरी किती दिवस राहतात, हे कुणी ठरवलेलंच नसतं. या दिवसांना स्लजचं वय म्हणतात. कागदोपत्री एसआरटी किंवा एमसीआरटी. ते पूर्णपणे तुमच्या हातात आहे, कारण ते रोज किती किलो स्लज बाहेर काढता यावरच ठरतं.

पुढची पद्धत एरेशन टाकी (हवा देऊन जिवाणूंकडून पाणी शुद्ध करून घेणारी टाकी) आणि त्यामागे क्लॅरिफायर असलेल्या प्लांटसाठी आहे. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लास्टिकच्या मीडियावर चिकटलेले असतात, तिथे हे गणित तसंच्या तसं लावू नका. एसबीआरमध्ये, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन गाळ बसवतात तिथे, पुढचं सूत्र चालतं, पण दिवसाच्या चोवीस तासांपैकी हवा चालू असते तेवढाच वेळ धरावा लागतो.

टप्पा १: आधी पाण्याचा वेळ आणि स्लजचा वेळ वेगळे करा

पाणी एरेशन टाकीत काही तासच थांबतं. स्लज मात्र क्लॅरिफायरमध्ये बसतो, परतीच्या पंपाने पुन्हा टाकीत येतो आणि असं फिरत कित्येक दिवस राहतो. म्हणून प्लांटमध्ये पाणी जास्त आलं म्हणजे स्लजचं वय कमी झालं, असं होत नाही. क्लॅरिफायरवरून गाळ वाहून गेला तर मात्र होतं.

सूत्र एवढंच:

स्लजचं वय (दिवस) = टाकीतला एकूण स्लज (किलो) ÷ रोज बाहेर जाणारा एकूण स्लज (किलो)

बाहेर जाणाऱ्यात दोन गोष्टी येतात: तुम्ही मुद्दाम काढलेला आणि शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर निसटलेला. दुसरी गोष्ट हिशेबात धरायची राहून जाते.

*सावधान:* परतीचा स्लज, म्हणजे आरएएस, वाढवला म्हणून वय बदलत नाही. तो गाळ क्लॅरिफायरमधून एरेशन टाकीत हलवतो, प्लांटबाहेर काढत नाही. "एमएलएसएस वाढलाय, आरएएस कमी करा" असा आदेश मी अनेक लॉगबुकांत वाचला आहे (एमएलएसएस म्हणजे एरेशन टाकीत लिटरमागे किती स्लज आहे तो आकडा). त्याने गाळ क्लॅरिफायरच्या तळाशी साठतो, तिथे कुजतो आणि दोन दिवसांनी वर येतो.

टप्पा २: काढलेला स्लज जाणार कुठे, ते पाहा

गणिताआधी हे पाहायचं, कारण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. होल्डिंग टाकी भरलेली, फिल्टर प्रेसचं कापड फाटलेलं, वाळवण्याच्या बेडवर महिन्याभरापूर्वीचा गाळ तसाच. अशा वेळी ऑपरेटरला कितीही बजावलं तरी तो वेस्टिंग करणार नाही, आणि त्याचं चूक नाही.

हे तपासून घ्या:

- होल्डिंग टाकीत किमान दोन दिवसांचा स्लज मावतो का.
- फिल्टर प्रेस आठवड्यातून किती वेळा चालतो, दर खेपेला किती केक (दाबून पाणी काढलेला गाळ) निघतो, आणि तो केक उचलायला कोण, कोणत्या दिवशी येतं.
- होल्डिंग टाकीचं ओव्हरफ्लो आणि प्रेसमधून निघणारं पाणी कसं दिसतं.

तिसऱ्या मुद्द्यापाशी थोडं थांबा. हे पाणी परत इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे येणारं सांडपाणी आधी साठवणाऱ्या टाकीत, जातं, ते योग्यच आहे. पण ते काळपट आणि दाट असेल तर काढलेला स्लज मागच्या दाराने पुन्हा आत येतो आहे. लॉगबुकात रोजचं वेस्टिंग लिहिलेलं असतं, तरी एमएलएसएस उतरत नाही. अशा प्लांटमध्ये प्रेसच्या नळीखाली पांढरी बादली धरा. तळाशी गाळ बसलेला दिसला तर आधी कापड बदला, पॉलिमरचा (गाळ गोळा करणारं रसायन) डोस दुरुस्त करा, मगच पुढे या.

टप्पा ३: वय किती दिवसांचं ठेवायचं ते ठरवा

फक्त बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) काढायचा असेल आणि प्लांट पारंपरिक पद्धतीचा असेल तर साधारण ५ ते ८ दिवस. सोसायट्या, हॉटेलं, रुग्णालयं यांचे बहुतेक प्लांट एक्स्टेंडेड एरेशनचे, म्हणजे जास्त वेळ हवा देणारे, असतात. त्यांना १५ ते २५ दिवस मानवतात. डिझाइन रिपोर्टमध्ये आकडा दिलेला असेल तर सुरुवात तिथून करा. नसेल तर अशा प्लांटसाठी २० धरा आणि नंतर सुधारा.

"वय जितकं जास्त तितकं चांगलं" हा समज मोडायला हवा. आपल्याकडे पाणी उबदार असतं, त्यामुळे वय वाढलं की अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू आपोआप टिकतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात अमोनियाची मर्यादा असेल तर ते हवेच आहेत, पण ते फुकट काम करत नाहीत. १ किलो अमोनिया-नायट्रोजनला सुमारे ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो आणि ७.१४ किलो अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता) खर्च होते. रोज २०० घनमीटर पाणी आणि त्यात ४० मिग्रॅ/लिटर अमोनिया-नायट्रोजन धरलं, तर दिवसाला ३६ किलोंहून जास्त ऑक्सिजन फक्त याच कामाला जातो. ब्लोअर आधीच धापा टाकत असेल तर वय वाढवल्यावर डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) कोसळणार आणि पीएच उतरणार.

उलट टोकही लक्षात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडच्या बाजूला टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास आलं, तर नायट्रेट करणारे जिवाणू संथ होतात. तेव्हा वय दोन-चार दिवसांनी वाढवावं लागतं, आणि तेही थंडी पडायच्या आधी. अमोनिया वाढल्याचा रिपोर्ट हातात आल्यावर केलेला बदल पोहोचेपर्यंत हिवाळा सरतो.

टप्पा ४: मोजमाप नीट करा

आकडे चुकीचे असतील तर पुढचं सगळं वाया. चार गोष्टी लागतात.

पहिली, टाकीचं खरं आकारमान. ड्रॉइंगवरचं नको. टेपने लांबी-रुंदी मोजा आणि खोली पाण्याच्या पातळीपर्यंतच धरा, भिंतीच्या काठापर्यंत नको.

दुसरी, एमएलएसएस. नमुना रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी, ब्लोअर चालू असताना घ्या. फेस बाजूला सारून हातभर खालून घ्या. प्रयोगशाळा तो गाळून १०३ ते १०५ अंशांवर वाळवते आणि वजन करते. रोज हे परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा तरी कराच. एमएलव्हीएसएसही, म्हणजे त्यातला सेंद्रिय भाग, महिन्यातून एकदा मागवा. त्याचं एमएलएसएसशी प्रमाण ०.६ च्या खूप खाली गेलं असेल तर टाकीत जिवाणूंपेक्षा वाळू-माती जास्त साठली आहे, आणि तुमच्या किलोंच्या हिशेबातला मोठा वाटा निर्जीव आहे.

तिसरी, आरएएसमधल्या स्लजची दाटी. पंप चालू करून किमान पाच मिनिटं जाऊ द्या, मग नमुना घ्या. पाइपात रात्रभर बसलेला गाळ पहिल्या धारेत येतो आणि आकडा फुगवतो.

चौथी, वेस्टिंगच्या पंपाची खरी धार. पंपाच्या पाटीवरचा आकडा वापरू नका. होल्डिंग टाकी २ मीटर गुणिले १.५ मीटर असेल तर तिचं क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. काठावर खडूने खूण करा, पंप १० मिनिटं चालवा. पातळी ३३ सेंटिमीटर चढली तर सुमारे १ घनमीटर आला, म्हणजे तासाला ६ घनमीटर. आत काही तुंबलं की धार घटते, म्हणून ही चाचणी दर महिन्याला.

*तपासा:* क्लॅरिफायरमध्ये काठीला बांधलेला पारदर्शक पाइप हळूच तळापर्यंत सोडा, वरचं तोंड बंद करून उचला. गाळाचा थर खोलीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जाड दिसला तर बराच स्लज टाकीबाहेर बसून आहे आणि नुसत्या एरेशन टाकीवरून काढलेला हिशेब फसवेल. आधी आरएएस ठीक करा.

टप्पा ५: गणित मांडा

२०० केएलडीचा, म्हणजे रोज २०० घनमीटर पाण्याचा, एक प्लांट घेऊ.

- एरेशन टाकी १२० घनमीटर, एमएलएसएस ३६०० मिग्रॅ/लिटर. म्हणजे घनमीटरला ३.६ किलो, टाकीत एकूण ४३२ किलो.
- ठरवलेलं वय २० दिवस. रोज बाहेर जायला हवेत ४३२ ÷ २० = २१.६ किलो.
- बाहेर जाणाऱ्या पाण्यात टीएसएस (तरंगते घन कण) १५ मिग्रॅ/लिटर. २०० घनमीटरमध्ये ३ किलो आपोआप निसटतात.
- उरले १८.६ किलो. एवढे मुद्दाम काढायचे.
- आरएएसची दाटी ८००० मिग्रॅ/लिटर, म्हणजे घनमीटरला ८ किलो. १८.६ ÷ ८ = साधारण २.३ घनमीटर.
- पंप तासाला ६ घनमीटरचा, म्हणजे २३ मिनिटं.

चूक बहुतेक वेळा मिग्रॅ/लिटरचं किलो करताना होते. हजाराने भागायचं, की घनमीटरमागचे किलो मिळतात. भिंतीवर एवढं एक वाक्य लिहून ठेवा.

आता टप्पा २ शी ताळा करा. १८.६ किलो कोरडा स्लज, प्रेसच्या केकमध्ये २० टक्के घन पदार्थ धरले तर रोज सुमारे ९० किलो ओला केक. तो उचलण्याची सोय नसेल तर २० दिवसांचं वय कागदावरच राहील.

आणि रोज काढलंच नाही तर? पंधरा दिवसांत जवळपास २८० किलो साठतात आणि एमएलएसएस सहा हजारांच्या घरात जातो. वय वाढलं की जिवाणू स्वतःलाच थोडे पचवतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरेल. पण क्लॅरिफायर त्याआधीच तक्रार करेल.

आरएएसची दाटी रोज मोजणं जमत नसेल तर सोपी वाट आहे: वेस्टिंग थेट एरेशन टाकीतून करा. मग दाटी दोन्हीकडे सारखीच, ती गणितातून गळून पडते. टाकीचं आकारमान भागिले वय, १२० ÷ २० = रोज ६ घनमीटर. यातून पाण्याबरोबर निसटणाऱ्या ३ किलोंपुरतं, म्हणजे साधारण ०.८ घनमीटर वजा करा. एमएलएसएस कितीही बदलला तरी वय जवळपास कायम राहतं. स्लज पातळ असतो, त्यामुळे होल्डिंग टाकी मोठी हवी आणि तिच्यात गाळ बसवून वरचं पाणी काढायची सोय हवी. जिथे जागा आहे तिथे मी हीच पद्धत सुचवेन. ऑपरेटर बदलला तरी ती चालू राहते.

टप्पा ६: रोजचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे. वेस्टिंग करून मग नमुना घेतला तर कालच्या आकड्याशी तुलना होत नाही.

१. सकाळी ठरलेल्या वेळी नमुने घ्या.
२. एसव्ही-३० लावा: एक लिटरचा सिलिंडर भरा, अर्ध्या तासाने गाळाची पातळी वाचा. पहिल्या पाच मिनिटांचा आकडाही लिहा. गाळ कसा बसतोय ते तिथेच कळतं.
३. क्लॅरिफायरमधला थर मोजा.
४. ठरलेल्या मिनिटांचं वेस्टिंग दोन किंवा तीन हप्त्यांत करा. गर्दीच्या तासांत, म्हणजे सकाळी सात ते दहाच्या सुमारास, करू नका. तेव्हा क्लॅरिफायरवर आधीच ताण असतो.
५. काढलेले किलो लॉगबुकात लिहा. "वेस्टिंग केलं" एवढंच लिहिलेलं नको.

रोजच्या एका आकड्यावर निर्णय घेऊ नका. मागच्या सात दिवसांची सरासरी काढा आणि तिच्यावर चाला. एका दिवसाचा एमएलएसएस नमुन्यामुळेच शे-दोनशेने वर-खाली होतो.

*सावधान:* एसव्ही-३० म्हणजे एमएलएसएस नव्हे. ३६०० एमएलएसएसला एसव्ही-३० ३६० आला तर एसव्हीआय (एसव्ही-३० भागिले एमएलएसएस, गुणिले हजार) १००, म्हणजे गाळ छान बसतोय. तोच आकडा ७०० आला तर स्लज दुप्पट झाला असं नाही. कदाचित तंतुमय जिवाणूंमुळे तो फुगलाय. खात्री करायला नमुन्यात तेवढंच क्लॅरिफायरचं नितळ पाणी मिसळून पुन्हा लावा. पातळ केलेला गाळ झपाट्याने खाली गेला तर स्लज खरंच जास्त आहे, वेस्टिंग वाढवा. तरीही वर लोंबकळत राहिला तर दुखणं तंतूंचं आहे. तिथे आधी डीओ, अन्न कमी पडतंय का आणि पीएच हे पाहायचं. नुसता स्लज उपसून भागत नाही.

टप्पा ७: बदल हळू करा

वेस्टिंग एका दिवसात १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नका. समजा एमएलएसएस ४५०० झाला. टाकीत ५४० किलो, २० दिवसांसाठी रोज २७ किलो जायला हवेत, ३ निसटतात, उरले २४. पंपाची २३ मिनिटं थेट ३० करण्यापेक्षा पहिल्या दिवशी २६, दुसऱ्या दिवशी २९, मग ३०.

पूर्ण परिणाम दिसायला दोन ते तीन वयांइतका काळ लागतो. वय २० दिवसांचं असेल तर दीड-दोन महिने. इथे धीर सुटतो. आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून कुणी कल्चरची पाकिटं टाकतं, कुणी गूळ-शेण ओततं, कुणी ब्लोअरचे तास बदलतं, आणि मग कशाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

सुट्ट्यांचं गणित आधीच करून ठेवा. दिवाळीत आणि मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला जाते. येणारा बीओडी घटतो, नवे जिवाणू कमी तयार होतात, आणि वेस्टिंग जुन्याच मिनिटांनी चालू ठेवलं तर लोक परतण्याच्या आठवड्यात टाकीत जिवाणू कमी पडतात. दर दोन दिवसांनी एमएलएसएस बघून मिनिटं उतरवत न्या. कोकणात, मुंबईत पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं; मुसळधारेच्या दिवशी क्लॅरिफायरवरून गाळ वाहून जातो. त्या दिवशी वेस्टिंग बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजून मग सुरू करा.

टप्पा ८: टाकी काय सांगते ते वाचा

आकड्यांशी डोळ्यांचा मेळ बसला पाहिजे.

वय फार कमी झालं असेल तर एरेशन टाकीवर साबणासारखा पांढरा, हलका फेस उसळतो. सिलिंडरमध्ये गाळ सावकाश बसतो, वरचं पाणी धुरकट राहतं. सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे छोटे फ्लॅजेलेट जास्त, देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला कमी. वेस्टिंग घटवा.

वय फार जास्त झालं असेल तर फेस गडद तपकिरी, तेलकट आणि चिवट. गाळ दगडासारखा झटक्यात बसतो, पण वरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगत राहतात. रोटिफर आणि गोलकृमी वाढलेले दिसतात. वेस्टिंग वाढवा.

चिवट फेस झाऱ्याने काढून थेट प्रेसकडे न्या. तो इक्वलायझेशन टाकीत टाकला तर फेस करणारे जिवाणू पुन्हा आत येतात, आणि फेसात अडकलेल्या जिवाणूंचं वय टाकीतल्या स्लजपेक्षाही जास्त असतं. वेस्टिंग कितीही वाढवलं तरी ते त्यातून सुटतात.

तिसरं एक लक्षण नेहमी चुकीचं वाचलं जातं. मे महिन्याच्या दुपारी क्लॅरिफायरमध्ये तळहाताएवढे गाळाचे तुकडे वर येतात, त्यांना बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. ऑपरेटर म्हणतो, गाळ बसत नाहीये. खरं तर तो छान बसला होता. तळाशी थांबला, नायट्रेटचा नायट्रोजन वायू झाला आणि त्याने गाळ उचलला. एसव्ही-३० चा सिलिंडर टाकून न देता दोन तास तसाच ठेवा. बसलेला गाळ अख्खा वर आला आणि काडीने हलवल्यावर बुडबुडे सुटून पुन्हा खाली गेला, तर निदान पक्कं. उपाय: आरएएस वाढवून गाळ क्लॅरिफायरमध्ये कमी वेळ थांबवा, आणि अमोनियाची अट नसेल तर वय हळूहळू दोन-तीन दिवसांनी कमी करा.

देखभालीचा ठेकेदार बदलताना चार आकडे लेखी घ्या: ठरवलेलं वय, सध्याचा एमएलएसएस, आरएएसची दाटी आणि वेस्टिंगची मिनिटं. सोबत शेवटच्या पंप-चाचणीची तारीख. हे मिळाले नाहीत तर नव्या माणसाने पहिल्या आठवड्यात वेस्टिंगमध्ये काहीही बदल न करता फक्त मोजायचं.